वऱ्हाडचा कापूस, लँकेशायरच्या गिरण्या आणि अमेरिकेतलं युद्ध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत औद्योगिक क्रांती एका धड्यात येते, गुलामगिरी दुसऱ्या आणि १८७५चे सावकारांविरुद्धचे दख्खनचे दंगे भलत्याच तिसऱ्या. त्यामुळे या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या माणसांच्या बाबतीत घडल्या असं वाटत राहतं. कापसाचा धागा हातात धरला की त्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. हा विषय निघाला की लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे देतो आहे.

साम्राज्य म्हटलं की मसाले, सोनं, चहा आठवतात. तुम्ही कापसापासूनच का सुरुवात करता?

कारण यंत्रयुगाची सुरुवातच सुतापासून झाली. १७३३मध्ये जॉन केने धावता धोटा काढला आणि विणकराचा हात झपाट्याने चालू लागला. मग सूत पुरेना, म्हणून सूतकताईची यंत्रं आली. हारग्रीव्हजची जेनी, आर्कराइटची पाण्यावर चालणारी चौकट (पेटंट १७६९), क्रॉम्प्टनचं म्यूल (१७७९). आता सूत उदंड झालं आणि विणकर कमी पडू लागले, तेव्हा कार्टराइटचा यंत्रमाग आला, १७८५ साली. एका टोकाची टंचाई मिटली की दुसऱ्या टोकाला टंचाई, असं हे चक्र होतं. त्यात शेवटची टंचाई कच्च्या मालाची. ती इंग्लंडात मिटणं शक्यच नव्हतं, कारण तिथल्या हवेत कपाशी येत नाही. तिथून पुढची गोष्ट समुद्रापलीकडची आहे.

पण उत्तम कापड तर भारतात बनत होतं. मग गिरण्या तिकडे का उभ्या राहिल्या?

भारतीय छिटांनी इंग्लंडला इतकं वेड लावलं होतं की तिथल्या लोकर आणि रेशीम विणकरांनी दंगे केले. त्यांच्या दबावाने पार्लमेंटने १७०० आणि १७२१ साली कायदे करून आधी छापील कापडाची आयात आणि मग बहुतेक सुती कापडाची विक्री व वापरही बंद केला. मागणी तर तयार झालेली, माल मात्र बाहेरून येणार नाही. या आडोशाला लँकेशायरचा, म्हणजे मँचेस्टरच्या आसपासच्या परगण्याचा, कापडधंदा वाढला. खुल्या व्यापाराचा जयघोष मँचेस्टरने केला तो नंतर, स्वतःचं कापड जगात सगळ्यांत स्वस्त झाल्यावर. यंत्रांची हुशारी खरी होती, कोळसा जवळ होता हेही खरं. पण हा आडोसा वगळून सांगितलेली औद्योगिक क्रांती अर्धीच राहते, असं माझं ठाम मत आहे.

इंग्रजांनी ढाक्याच्या विणकरांचे अंगठे तोडले, हे खरं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. ईस्ट इंडिया कंपनीचाच एक माजी नोकर, विल्यम बोल्ट्स, याने १७७२ साली लिहिलेल्या मजकुरात याचं मूळ आहे. तिथे गोष्ट मलमलीच्या विणकरांची नाही. बंगालमधल्या रेशमाचा धागा उकलणाऱ्या कारागिरांवर इतकी जबरदस्ती व्हायची की त्यांनी स्वतःच आपले अंगठे कापून घेतल्याचे प्रकार घडले, असं तो म्हणतो. आपलं कसब हेच आपलं शत्रू झालं म्हणून माणसाने स्वतःच्या हातावर सुरी चालवायची! मला तर हे प्रचलित कथेपेक्षा जास्त भयंकर वाटतं. मूळ गोष्ट जशी आहे तशी सांगावी, तिला तिखटमीठ लावायची गरज नाही.

बहुतेक विणकरांना कोणी हात लावला नाही. त्यांचं गिऱ्हाईक गेलं. स्वस्त सूत आणि स्वस्त कापड बाजारात आलं आणि गावागावांतल्या चरख्यांवर होणारी बायकांची कमाई आधी बुडाली. माग त्यानंतरही टिकले. सोलापूर, येवला, पैठण इथले माग गिरणीच्या सुतावर चालत राहिले, आणि उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी मालेगाव, भिवंडीत आपले माग थाटले.

यंत्रांमुळे फक्त आपलेच विणकर बुडाले का?

नाही. खुद्द इंग्लंडात १८२०च्या सुमारास हातमागावर काम करणारे अडीच लाखांच्या घरात होते. तीस वर्षांत ते पन्नास हजारांच्याही खाली आले. १८१९मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर मताचा हक्क मागायला जमलेल्या गर्दीवर घोडेस्वार घातले गेले, त्या गर्दीत विणकर मोठ्या संख्येने होते. एक फरक मात्र होता. लँकेशायरच्या विणकराची मुलं गिरणीत जाऊ शकली, मजुरी हलकी असली तरी. बंगालच्या विणकराला शेताकडे वळावं लागलं, आणि शेतात आधीच माणसं दाटलेली होती.

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा गिरण्यांशी काय संबंध?

अगदी थेट संबंध आहे. अमेरिकेच्या आतल्या भागात पिकणाऱ्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असते. हाताने दिवसभर वेचून एक माणूस जेमतेम पौंडभर रुई साफ करी. १७९३मध्ये एली व्हिटनीने तारांचे दाते बसवलेल्या रुळाचं जिन, म्हणजे सरकी काढायचं यंत्र, बनवलं आणि तोच माणूस पन्नास पौंड साफ करू लागला. (आपल्याकडे दोन लाटांचा रेचा शतकानुशतकं होताच. आपल्या कापसाला तो मानवायचा, दातेरी जिन धागा तोडायचं.)

यंत्राने मजुरांचे कष्ट कमी व्हावेत, ही अपेक्षा. झालं ते उलट. सरकी काढणं सोपं झाल्यावर लागवड वाढली आणि वेचणीला हात कमी पडू लागले. १७९०मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते, १८६०मध्ये ते जवळपास ४० लाख झाले. त्यांतले लाखो जण व्हर्जिनिया, मेरीलँडमधून विकत घेऊन, साखळ्यांत चालवत मिसिसिपी, अलाबामाकडे नेले गेले. ब्रिटनने आपल्या साम्राज्यातली गुलामगिरी १८३३च्या कायद्याने बंद केली होती. पण १८६०च्या सुमारास त्याच्या गिरण्यांत येणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून अधिक माल या गुलामांच्या हातचा होता.

मग युद्ध सुरू झाल्यावर काय झालं?

एप्रिल १८६१मध्ये अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धाला तोंड फुटलं आणि राष्ट्राध्यक्ष लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. ‘कापूस हाच राजा’ असं दक्षिणेचे पुढारी म्हणत. कापूस अडला की ब्रिटन आपल्या बाजूने येईलच, हा त्यांचा हिशेब होता.

गिरण्या बंद पडल्या. १८६२च्या अखेरीस लँकेशायर परिसरात ५ लाखांच्या आसपास माणसं मदतीवर जगत होती. घरातली भांडी, अंथरुणं गहाण पडली. कामगारांना रस्ते आणि गटारांच्या कामावर घ्यावं लागलं, त्यासाठी १८६३मध्ये वेगळा कायदा झाला.

या काळातली एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि तिने लिंकनला पत्र पाठवलं : गुलामगिरी संपवा, आम्ही तुमच्या बाजूने आहोत. नाकेबंदी उठली असती तर ज्यांच्या चुली पेटल्या असत्या, त्यांच्यातल्या माणसांनी हे लिहिलं. लिंकनने १९ जानेवारी १८६३ला उत्तर देऊन त्यांच्या धैर्याचा गौरव केला. लँकेशायरमधल्या सगळ्याच गावांचं मत असं नव्हतं. पण ज्यांचं होतं, त्यांनी उपाशीपोटी ते मांडलं.

तेव्हा आपला कापूस विलायतेला गेला ना? तिथल्या कामगारांना तो का नकोसा वाटे?

गेला, आणि भरपूर गेला. १८६०मध्ये ब्रिटनच्या कापसात भारताचा वाटा सोळा टक्क्यांच्या आसपास होता, १८६२मध्ये तो पंचाहत्तर टक्क्यांवर पोचला. तिथे या सगळ्या मालाला सरसकट ‘सुरत’ म्हणत.

नावडण्याचं कारण बोटांना कळतं. जुन्या देशी कपाशीचं बोंड घ्या, सरकीवरून रुईची एक चिमूट ओढा आणि दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून पाहा. धागा आखूड आणि जाडसर असतो, लगेच सुटतो. लँकेशायरची यंत्रं अमेरिकन कापसाच्या, याच्यापेक्षा लांब धाग्यावर बेतलेली. त्यांवर हा माल चढवला की सूत सारखं तुटे, सांधत बसावं लागे, आणि मजुरी कामावर असल्याने कमाई घटे. त्यात भर मालातल्या भेसळीची. पाला, माती, सरकी मिसळून वजन वाढवायचे प्रकार इतके होते की १८६३मध्ये मुंबईत कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. ‘देवा, कापूस दे, पण सुरत नको’ अशी तिथल्या कामगारांची प्रार्थना प्रसिद्ध आहे.

भेसळीचा ठपका मात्र मी शेतकऱ्यावर एकट्यावर ठेवणार नाही. बोंड फुटायच्या आधीच पीक सावकाराकडे लिहून दिलेलं असे. चांगल्या मालाला जास्त भाव मिळाला तरी तो त्याच्या हाती पडणार नव्हता. मग निवडून, झाडून, स्वच्छ कापूस घालायचा तो कोणासाठी?

वऱ्हाडातून कापूस मुंबईला जायचा कसा?

आधी बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून. बराच माल तर मुंबईला न जाता उत्तरेला गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. वाटेत पाऊस लागला तर भिजे, धूळ बसे. १८५३ साल इथे लक्षात ठेवावं. त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, त्याच वर्षी निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिलं आणि त्याच वर्षी गव्हर्नर-जनरल डलहौसीने रेल्वेबद्दलचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं. त्यात इंग्लंडला कापूस हवा आहे आणि वाहतुकीची सोय झाली तर तो भारतातून मिळेल, हे त्याने उघडपणे मांडलं आहे.

थळ घाटातला मार्ग १८६५मध्ये खुला झाला, नागपूरपर्यंत गाडी १८६७मध्ये पोचली. म्हणजे भावाची खरी तेजी वऱ्हाडात रुळांच्या आधी आली आणि रूळ आले तेव्हा ओसरली होती. १८७०मध्ये खामगावचा रेल्वेफाटा आणि तिथला कापूस बाजार सुरू करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एका तालुक्याच्या बाजारासाठी व्हाइसरॉय! लिव्हरपूलच्या दलालांच्या बोलण्यात वऱ्हाडी कापसाला ‘उमरा’ हे नाव पडलं होतं, उमरावतीवरून, म्हणजे आपल्या अमरावतीवरून. हिंगणघाटच्या कापसाचं नावही तिकडे आदराने घेतलं जाई.

‘इंग्रजांनी रेल्वे तरी दिली’ असं म्हणणाऱ्यांनी नकाशावर हे फाटे पाहावेत. ते कापसाच्या पेठांतून निघतात आणि बंदराकडे जातात. त्या रुळांवरून आपणही पुढे पंढरपूरला गेलो, नोकरीला गेलो, हे खरंच. पण ते टाकले गेले कशासाठी, हा प्रश्न वेगळा.

मुंबईतलं ‘शेअरचं वेड’ ते हेच का?

हेच. कापसाचे भाव युद्धाच्या काळात चौपट झाले आणि मुंबईत चांदीचा ओघ सुरू झाला. एवढा पैसा ठेवायचा कुठे? रोज नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांची तर चलती होती. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या वर गेला. या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद रायचंद हे नाव होतं. त्यांची चिठ्ठी असली की बँक कर्ज देई.

एप्रिल १८६५मध्ये दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईत पोचली आणि कापूस कोसळला. वायद्यांचा हिशेब १ जुलैला पुरा करायचा होता, तो कोणालाच करता येईना. पेढ्या बुडाल्या, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली, प्रेमचंदांचं दिवाळं निघालं. त्यांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला, १८७८ साली.

युद्ध संपल्यावर शेतकऱ्याचं काय झालं?

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. तेजीत पैसा सगळीकडे खेळत होता, त्यामुळे सावकार मागेल तेवढं कर्ज देत होते. पुणे, नगरच्या ज्या भागात कापूस फारसा नव्हता तिथेही गाडीभाडं, रेल्वेच्या कामावरची मजुरी, धान्याचे चढे भाव यांनी पैसा आला होता. मग भाव पडले आणि नेमकी तीस वर्षांची जमीनमहसुलाची मुदत संपली. फेरआकारणी तेजीतले भाव धरून झाली. काही तालुक्यांत सारा निम्म्याहून जास्त वाढला. सारा भरायला पुन्हा कर्ज, कर्जाला नवं खत, म्हणजे कर्जाचा दस्त, आणि खतावर अंगठा. दिवाणी कोर्टात कागद बोलतो, आणि कागद सावकाराच्या पेटीत.

१८७४च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हाव्याने दाढी करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचं नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली आणि हे लोण पुणे-नगरच्या तीसेक गावांत पसरलं. त्यांना हवे होते ते कागद. खतं, रोखे, चोपड्या मागितल्या, मिळाल्या की चौकात जाळल्या. ज्या सावकाराने मुकाट्याने कागद दिले त्याला बहुतेक ठिकाणी इजा झाली नाही. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

मधल्या काळात १८७६-७८चा दुष्काळ येऊन गेला होता. दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, हे सरकारने दुष्काळाच्या पाहणीला पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेलं मोजमाप. त्याच काळात देशातून धान्य परदेशी जातच होतं.

असं फक्त आपल्याकडेच झालं का?

इजिप्तने तेजीच्या जोरावर कर्ज काढून कालवे, रेल्वे, राजवाडे बांधले. भाव उतरले आणि कर्ज उरलं. १८७५मध्ये सुएझ कालव्यातला हिस्सा ब्रिटनला विकला, १८७६मध्ये दिवाळं, १८८२मध्ये इंग्रजी फौजा. रशियाने १८६५मध्ये मध्य आशियातलं ताश्कंद घेतलं आणि पुढे फरगाण्याच्या खोऱ्यात अमेरिकन कपाशी पसरवली. आणि १९०१मध्ये जर्मनांनी आपल्या टोगो या वसाहतीत कापूस शिकवायला अमेरिकेतल्या टस्कीगी संस्थेतले कृष्णवर्णीय तरुण नेले. गुलामांच्या मुलांना आफ्रिकेत परत नेलं, तेही कापसासाठीच.

इंग्रजांनी मुंबईत गिरण्या होऊ कशा दिल्या?

त्यांनी त्या फारशा अडवल्या नाहीत, वाढूही सुखाने दिल्या नाहीत. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची पहिली गिरणी १८५६मध्ये सुरू झाली. यंत्रं लँकेशायरचीच, कारण तिथल्या गिरणीवाल्यांना स्पर्धा नको असली तरी यंत्र बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक हवं होतं. मुंबईचं सूत चीनला जाऊ लागलं. जमशेटजी टाटांनी गिरणी थेट कापसाच्या दारात, नागपूरला काढली आणि १ जानेवारी १८७७ला, व्हिक्टोरियाला सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी, ‘एम्प्रेस’ नावाने सुरू केली.

मँचेस्टरला हे खुपलं. १८८२मध्ये विलायती कापडावरची जकात रद्द झाली. सरकारची तिजोरी रिकामी झाल्यावर १८९४मध्ये ती पुन्हा लावावी लागली, तेव्हा तोल साधायला भारतीय गिरण्यांच्या मालावरही अबकारी कर बसवला. १८९६मध्ये दोन्ही कापडांवर साडेतीन-साडेतीन टक्के. आपल्याच देशात बनलेल्या कापडाला परक्याच्या बरोबरीने कर! हा अबकारी कर १९२५मध्ये थांबला. स्वदेशीच्या चळवळीत एवढी धग कुठून आली, असं कोणी विचारलं तर मी आधी हे साडेतीन टक्के दाखवतो.

आणि गिरणीतल्या माणसांचं काय?

रत्नागिरी, साताऱ्याकडची माणसं आली. नोकरी जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या हाती, आणि सुरुवातीला बदलीवर, म्हणजे कोणी गैरहजर असेल तेवढ्यापुरती. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत साचे चालायचे. पुढे १९०५च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि सूर्याची ती मर्यादाही गेली, दिवस चौदा-पंधरा तासांचा झाला. १८८१चा पहिला कारखाना कायदा सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास काम करू देत होता. असा कायदा व्हावा म्हणून लँकेशायरचे गिरणीवालेही आग्रही होते, कारण मुंबईची मजुरी त्यांना स्वस्त पडू द्यायची नव्हती.

कामगारांच्या बाजूने उभे राहिले जोतीरावांचे सहकारी, ‘दीनबंधू’ चालवणारे नारायण मेघाजी लोखंडे. सप्टेंबर १८८४मध्ये त्यांनी सभा घेऊन मागण्या मांडल्या. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, आणि यंत्रात जायबंदी झालेल्याला भरपाई. साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या, अंगठे केले. सुटी मिळायला सहा वर्षं लागली. १० जून १८९०ला गिरणीमालकांनी रविवार कबूल केला. आणि १८९७मध्ये प्लेगच्या रुग्णांसाठी राबताना लोखंडे स्वतःच गेले.

यातलं आज कुठे काय पाहता येईल?

मुंबईच्या हार्बर मार्गावर कॉटन ग्रीन नावाचं स्टेशन आहे. मूळ ‘कॉटन ग्रीन’ कोटात (आजच्या फोर्ट भागात), सेंट थॉमस चर्चसमोरचं मोकळं मैदान, जिथे गासड्यांच्या राशी लागत. बाजार नंतर कुलाब्याला गेला, मग शिवडीला, आणि नाव त्याच्याबरोबर फिरत आलं. राजाबाई टॉवर तर रोज दिसतोच. मँचेस्टरला गेलात तर लिंकन चौकात त्याचा पुतळा आहे, आणि पायथ्याशी कामगारांना पाठवलेल्या त्या उत्तरातला मजकूर कोरलेला आहे. सुपं बारामती तालुक्यात आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी जा.